कडे सुरक्षित, पाणी बेवारस: ब्रिटनच्या पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पर्यावरण, अन्न व ग्रामीण व्यवहार मंत्री,
ब्रिटन सरकार, लंडन

सप्रेम नमस्कार.

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयाकडे वेगळी पाठवली आहे. मराठी मजकूर आहे तो इथे राहणाऱ्या मराठी मंडळींनी वाचावा आणि आपापल्या खासदाराला दोन ओळी लिहाव्यात म्हणून. माझा पासपोर्ट भारतीय आहे. तरी राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक म्हणून इथल्या संसदेच्या निवडणुकीत मला मत आहे, त्यामुळे ‘हा कोण टिकोजीराव लागून गेला’ असं म्हणून पत्र बाजूला टाकू नये.

विषय वाय नदीच्या खोऱ्याचा आहे. वेल्समधल्या प्लिनलिमनच्या डोंगरात उगम पावून ही नदी सुमारे 250 किलोमीटर वाहते आणि चेपस्टोजवळ सेव्हर्न नदीला मिळते. हेरफर्डच्या खालच्या अंगाला ती चुनखडीच्या पठारात शिरते आणि मग तिची वळणंच्या वळणं खडकात खोल रुतलेली दिसतात. सह्याद्रीच्या काळ्या कातळाखाली वाढलेल्या माणसाला हे करडे-पांढुरके कडे आधी थोडे परकेच वाटतात. पण सिमंड्स यॅटच्या खडकावर उभं राहिलं, की खाली शंभराहून अधिक मीटरवर नदीचा वेढा आणि समोरच्या कड्यात बहिरी ससाण्याचं घरटं, हे पाहून कुठलाही डोंगरवेडा गप्प होतो. चेपस्टोकडे विंडक्लिफचा कडा आहे. तिथल्या 365 पायऱ्या 1828 मध्ये बांधल्या, त्याही निव्वळ देखावा पाहायला येणाऱ्यांसाठी! होडीतून हे खोरं पाहायची हौस इथे अठराव्या शतकापासून आहे.

कड्यांच्या मधल्या घळींतलं जंगल हा तर वेगळाच खजिना. लिंडन आणि अ‍ॅशची झाडं, सावलीत ओल धरून बसलेले दगड, घोड्याच्या नालेसारख्या नाकाची वटवाघळं. व्हाइटबीमच्या काही जाती तर जगात फक्त या कड्यांच्या आसपास उगवतात. लेडी पार्क वूड नावाचा जंगलाचा एक तुकडा 1940च्या दशकापासून मुद्दाम हात न लावता ठेवला आहे आणि तिथल्या झाडांच्या नोंदी पिढ्यान्‌पिढ्या चालू आहेत. एवढा चिवटपणा आमच्याकडच्या वनखात्याने दाखवला असता तर, असा विचार मनात येतोच. असो.

या सगळ्याला 1971 मध्ये संरक्षण मिळालं. 326 चौरस किलोमीटरचा हा पट्टा इंग्लंड आणि वेल्स दोन्हीकडे पसरलेला आहे, आणि असा दोन देशांत पसरलेला हा एकमेव संरक्षित निसर्गप्रदेश. 2023 मध्ये त्याचं नाव बदलून ‘नॅशनल लँडस्केप’ झालं. त्याच वर्षीच्या कायद्याने इंग्लंडच्या बाजूला सरकारी यंत्रणांचं कर्तव्यही कडक केलं: पूर्वी त्यांनी या प्रदेशाचा ‘विचार करणं’ पुरेसं होतं, आता तो जपण्या-वाढवण्यासाठी प्रयत्न करणं बंधनकारक आहे. वेल्सच्या काठावर मात्र जुनंच कलम लागू राहिलं. रेडब्रुक गावाच्या खाली बरंच अंतर नदी हीच सरहद्द आहे. म्हणजे एकाच पाण्याच्या डाव्या काठाला एक कर्तव्य, उजव्या काठाला दुसरं.

आणि पाण्याचं काय? या प्रदेशाची हद्द सुरू होते हेरफर्डच्या खाली. नदी नासते त्याच्या वर, हेरफर्डशर आणि वेल्समधल्या पॉविस परगण्यात. वायच्या पाणलोटात कोणत्याही वेळी 2 कोटींहून अधिक कोंबड्या असतात, असा सर्वत्र दिला जाणारा अंदाज आहे. त्यांना घातली जाते बाहेरून आणलेली सोयाबीनची पेंड आणि धान्य. त्यातलं बरंचसं स्फुरद (फॉस्फरस) कोंबडीला पचत नाही. ते कोंबडखतातून शेतात जातं, जमीन आधीच तुडुंब असते, पाऊस उरलेलं नदीत नेऊन टाकतो. या पाणलोटात दर वर्षी सुमारे 3,000 टन जादा स्फुरद साठत असल्याचं लँकेस्टर विद्यापीठाच्या नेतृत्वाखालच्या अभ्यासाने 2022 मध्ये मांडलं. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना यात समजावण्यासारखं काही नाही.

उन्हाळ्यात पाणी उथळ आणि कोमट झालं की शेवाळ माजतं, नदी वाटाण्याच्या आमटीसारखी हिरवी होते. पाण्याखाली ऊन पोचत नाही आणि वॉटर क्रोफूट या पांढऱ्या फुलांच्या पाणवनस्पतीचे ताटवे मरतात. त्यांच्या आधाराने जगणारे किडे आणि मासेही मग उघड्यावर पडतात. मे 2023 मध्ये आपल्याच ‘नॅचरल इंग्लंड’ या निसर्गरक्षणाच्या सरकारी संस्थेने या नदीचा दर्जा ‘प्रतिकूल आणि ढासळता’ असा खाली आणला आणि कारणांमध्ये सॅमन व पाणवनस्पतींची घट नोंदवली. वर कड्यावर दुर्बिणी लावून लोक ससाणा बघत असतात. हिरवं पाणी तिथून फोटोत छानच दिसतं, हीच तर अडचण. आळंदीला इंद्रायणीवर फेस येतो तेव्हा निदान बातमी तरी होते.

सांडपाणीही नदीत जातं, हे मान्य. पाणी कंपन्यांना जाब विचारायलाच हवा. पण त्या नावाखाली कोंबडखताचा प्रश्न मागे सारला जातो, आणि पोल्ट्रीचं नाव काढलं की लंडन कार्डिफकडे, म्हणजे वेल्सच्या सरकारकडे, बोट दाखवतं, कार्डिफ लंडनकडे. एप्रिल 2024 मध्ये आधीच्या सरकारने 3.5 कोटी पौंडांचा आराखडा जाहीर केला, जुलैत सरकार बदललं. मार्च 2025 मध्ये दोन्ही सरकारांनी मिळून जाहीर केला तो 10 लाख पौंडांचा संशोधन निधी. संशोधनाला माझा विरोध नाही. पण रोग काय आहे हे सांगणारे अहवाल आपल्या कपाटात आहेतच.

माझी मागणी एकच आहे. वायच्या संपूर्ण पाणलोटाला, उगमापासून चेपस्टोपर्यंत, ‘वॉटर प्रोटेक्शन झोन’, म्हणजे पाणी दूषित करणाऱ्या कामांवर कायद्याने बंधनं घालता येतील असं क्षेत्र, जाहीर करा. हे काही नवं नाही. डी नदीही वेल्समध्ये उगम पावून इंग्लंडची वेस ओलांडते, आणि तिच्या पाणलोटाला 1999 पासून हा दर्जा आहे. तिथे रोख कारखान्यांतल्या घातक रसायनांवर होता, कारण त्या नदीचं पाणी लोक पितात. इथे रोख खतावर ठेवावा लागेल. तेव्हा वेल्सच्या सरकारकडे आजचे अधिकार नव्हते, आता दोन सह्या लागतील, एवढाच फरक. पोल्ट्रीला पर्यावरण परवाना लागतो तो 40,000 पक्ष्यांच्या वर. त्याखालच्या शेड एकाशेजारी एक उभ्या राहिल्या तर नदीला काय फरक पडतो? झोनमध्ये हिशेब एकेका शेडचा न होता पाणलोटाचा व्हावा: किती स्फुरद आत आलं आणि किती बाहेर गेलं.

शेतकऱ्यांच्या पोटावर पाय येईल, असं आपले अधिकारी सांगतील. कोंबडखत बाहेर नेण्याचा, जाळण्याचा खर्च एकट्या शेतकऱ्यावर टाकला तर येईलच. तो खर्च कोंबडी विकत घेणाऱ्या कंपन्यांकडून आणि सुपरमार्केटांकडून वसूल करावा, आणि त्यापायी आमच्या रविवारच्या रश्श्याची कोंबडी थोडी महाग झाली तर होऊ द्यावी.

डी नदीला 1999 मध्ये जे देता आलं ते वायला का देता येत नाही, याचं लेखी उत्तर मिळावं. ‘आपल्या पत्राची नोंद घेतली आहे’ हे छापील वाक्य नको.

कळावे,
आपल्याच देशातला एक मराठी मतदार