कोणते शान्शी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला, चीन-जपान युद्धात चिनी जखमींवर उपचार करायला गेलेल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यावरचा लेख वाचला. सोलापूरकर म्हणून आनंद झालाच. मात्र लेखासोबतच्या नकाशात येनान शहर आणि वुताई पर्वत एकाच ‘शान्शी’ प्रांतात दाखवले आहेत, ते बरोबर नाही. यात लेखकापेक्षा आपल्या लेखनपद्धतीचा दोष अधिक आहे.

चीनमध्ये शान्शी नावाचे दोन प्रांत आहेत, तेही शेजारी शेजारी. दोघांची हद्द बरीचशी ह्वांग हो नदीच्या पात्रातून जाते. पूर्वेकडच्या शान्शीचा अर्थ ‘डोंगराच्या पश्चिमेचा’. हा डोंगर म्हणजे ताइहांग. त्याच्या पूर्वेचा म्हणून शान्तुंग प्रांत. या शान्शीची राजधानी तायुआन, आणि कोळशासाठी तो प्रसिद्ध. वुताई इथेच. पश्चिमेकडच्या शान्शीतला ‘शान’ डोंगर नव्हे. ते एका जुन्या मुलखाचे नाव, त्याच्या पश्चिमेचा हा प्रांत. राजधानी शीआन. प्राचीन सम्राटाच्या थडग्याजवळचे मातीच्या पुतळ्यांचे सैन्य १९७४ साली सापडले, ते याच प्रांतात. येनानही इथलेच.

चिनी माणसाचा गोंधळ होत नाही, कारण ‘शान’ची दोन अक्षरे वेगळी आणि सूरही वेगळे: एकाचा वर सपाट राहतो, दुसऱ्याचा खाली बुडतो. रोमन लिपीत सुराच्या खुणा सहसा गाळल्या जातात. म्हणून पश्चिमेकडच्या प्रांताच्या नावात एक जादा ‘ए’ (a) घालण्याची सोय केली आहे. १९२८ च्या जुन्या रोमन लेखनपद्धतीत सूर असे अक्षरांनीच दाखवत, तिथून ती आली. आपण मराठीत आणताना तो बिचारा ‘ए’ गळून पडतो आणि दोन प्रांतांचा एक होतो.

कोटणीसांच्या बाबतीत यामुळे त्यांचा अर्धा प्रवासच पुसला जातो. पाच भारतीय डॉक्टरांचे पथक १९३८ साली चीनला निघाले आणि पुढच्या वर्षी येनानला, म्हणजे पश्चिमेच्या शान्शीत पोहोचले. कोटणीस तिथे थांबले नाहीत. जपानी फौजांच्या मुलखातून वाट काढत ते पूर्वेला वुताईच्या बाजूच्या आघाडीवर गेले. त्या सीमाभागाचे नाव ‘चिन-छा-ची’. त्यातला ‘चिन’ म्हणजे पूर्वेच्या शान्शीचेच जुने नाव. आजही तिथल्या मोटारींच्या पाटीवर ते अक्षर असते. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले ते तिसऱ्याच, हपेई प्रांतात. सोलापुरातल्या त्यांच्या स्मारकात शाळेची मुले येतात. त्यांना हे नकाशावर बोट ठेवून सांगता आले पाहिजे.

ही अडचण एका नावापुरती नाही. लिथियमच्या बातम्यांत येणारे ईछुन हे दक्षिणेतल्या च्यांगशी प्रांतातले. मराठीत तसेच लिहिले जाणारे जंगलातले ईछुन पार उत्तरेला, रशियाच्या बाजूला आहे. फूचौ दोन, सूचौ दोन.

यावर उपाय आपल्या गावांनी कधीच काढून ठेवला आहे. एकाच नावाची दोन गावे शेजारी आली की आपण बुद्रुक आणि खुर्द म्हणतो, नाहीतर वडगाव मावळ, वडगाव शेरी असे जोडनाव लावतो. तसे ‘तायुआन-शान्शी’ आणि ‘शीआन-शान्शी’ छापायला काय हरकत आहे? दोन्ही नावे लांब आहेत, मथळ्यात बसणार नाहीत हे मान्य. मग निदान मजकुरात पहिल्यांदा नाव येईल तिथे तरी राजधानी लिहावी. ‘शाआन्शी’ असेही लिहिता येईल, पण वाचणारा ती छपाईची चूक समजेल.

आपला,
एक वाचक, सोलापूर

ता. क. नातवाच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात १५५६ च्या महाभूकंपाचे ठिकाण ‘शांक्सी’ असे छापले आहे. रोमन लिपीतला ‘X’ पाहून शी जिनपिंगना आपण ‘क्सी’ म्हणत नाही, मग प्रांतालाच का? तो भूकंप शीआनकडच्या शान्शीतला.