पगार थांबला तरी नोटीस चालूच : नागरी हवाई वाहतूक राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांना खुले पत्र

मा. मुरलीधरअण्णा,

सप्रेम नमस्कार.

मी कोथरूडचा. आपल्या मतदारसंघातला मतदार, आणि आपल्या खात्याने दिलेल्या परवान्यावर ज्याचं पोट चालतं असा माणूस. एकोणीस वर्षं विमान चालवतोय. त्यातली शेवटची सहा वर्षं एका छोट्या प्रादेशिक कंपनीत एटीआर या पंख्यांच्या छोट्या प्रवासी विमानाचा कमांडर, म्हणजे मुख्य वैमानिक, होतो. ती कंपनी दिवाळखोरीत गेली. तिचं नाव इथे घेत नाही, कारण प्रकरण कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे आहे आणि मला जे सांगायचंय ते एका कंपनीपुरतं नाही. युनियनच्या कमिटीवर असल्यामुळे सगळा पत्रव्यवहार माझ्या हाताखालून गेला, म्हणून लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं.

गेल्या वर्षी एका रविवारी मी जेवणाच्या टेबलावर 'फॉर्म डी' भरायला बसलो. कंपनीकडून येणं असलेल्या कामगार-कर्मचाऱ्यांनी रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे, म्हणजे दिवाळखोर कंपनीचा कारभार पाहायला नेमलेल्या माणसाकडे, दावा करायचा तो हा फॉर्म. शेजारी लॉगबुक, पगाराच्या स्लिपा आणि आमच्या कराराची प्रत. करारात स्पष्ट लिहिलंय की कंपनीने उड्डाणं दिली किंवा न दिली तरी महिन्याला किमान 60 तासांचा उड्डाणभत्ता मिळेल. वैमानिकाच्या पगारातला मोठा हिस्सा हाच असतो. शेवटच्या महिन्यात माझ्या लॉगबुकात 14 तास 25 मिनिटं आहेत. सुट्या भागांवाचून पाचातली तीन विमानं उभी होती, त्यात माझा काय दोष? मी दाव्यात 60 तास लिहिले. तीन आठवड्यांनी उत्तर आलं : कंपनीच्या हिशेबवह्यांनुसार 14 तास मान्य, बाकीचे नामंजूर.

करार आमच्याशी झाला, पण तो काय म्हणतो हे हिशेबवही ठरवणार. आम्ही मॅनेजमेंटला लिहिलं. ते म्हणाले, आता अधिकार रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे. त्यांच्या कार्यालयाने सांगितलं, नोंदी मॅनेजमेंटच्या काळातल्या आहेत, वाद असेल तर न्यायाधिकरणात जा. कामगार आयुक्तांकडे गेलो तर तिथल्या साहेबांनी मोरेटोरियमचा आदेश पुढे सरकवला. नादारी व दिवाळखोरी संहितेचं कलम 14 लागलं की कंपनीविरुद्ध नवा दावा करता येत नाही आणि चालू दावाही थांबतो. कंपनीचं पुढे काय करायचं हे ठरवणाऱ्या कर्जदात्यांच्या समितीत आम्हाला मत नाही. नुसतं बैठकीत बसायचं म्हटलं तरी आमच्यासारख्यांचं मिळून येणं एकूण कर्जाच्या 10 टक्के तरी असावं लागतं. विमानकंपनीच्या कर्जापुढे पगाराची थकबाकी कधीच तेवढी भरत नाही.

हे एवढंच असतं तर मी कायदेमंत्र्यांना किंवा अर्थमंत्र्यांना लिहिलं असतं. आपल्याला लिहितोय ते कराराच्या दुसऱ्या बाजूमुळे, नोकरी सोडताना वैमानिकाने द्यायच्या नोटिशीमुळे.

आमच्यातला एक को-पायलट, वय 26. तासगावकडचा. वडिलांनी द्राक्षबाग गहाण टाकून त्याला लायसन्स काढून दिलं. तिसऱ्या महिन्याचा पगार चुकला तेव्हा त्याला एका मोठ्या कंपनीची ऑफर आली, टाइप रेटिंगच्या, म्हणजे त्यांचं विमान चालवायला शिकण्याच्या, बॅचची तारीखही ठरली. त्याने राजीनामा दिला. दुसऱ्या दिवशी एचआरचं पत्र : सहा महिन्यांची नोटीस पूर्ण करा, ना हरकत पत्र त्यानंतर. तो दोनदा माझ्या घरी येऊन गेला. दुसऱ्यांदा आला तेव्हा चहा तसाच ठेवून फक्त एवढंच विचारत होता, "सर, त्यांनी पगार दिला नाही तर ते नियमाविरुद्ध नाही का?" ना हरकत पत्र मिळेपर्यंत चार महिने गेले आणि बॅच निघून गेली. त्या चार महिन्यांत त्याच्या लॉगबुकात एका मिनिटाचीही भर पडली नाही.

हा नियम आपल्या खात्याचा आहे. 2017 च्या ऑगस्टमध्ये डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, तो आजच्या रूपात आणला. कमांडरला एक वर्षाची नोटीस, को-पायलटला सहा महिन्यांची. नियमामागचं कारण मला मान्य आहे. वैमानिक तयार व्हायला महिनोन्‌महिने लागतात. एकदम माणसं गेली की विमानं रद्द होतात आणि प्रवासी विमानतळावर ताटकळतात. 2023 मध्ये 43 वैमानिक नोटीस न देता निघून गेले म्हणून अकासा एअरला मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं होतं. मीही त्या तरुणांना हेच सांगतो की करार केलाय तर पाळा. पण जिथे विमानच उडत नाही, तिथे नोटीस कोणत्या प्रवाशासाठी?

त्याच नियमात एक वाक्य वैमानिकाच्या बाजूचंही आहे. नोटिशीच्या काळात कंपनीने पगार कमी केला किंवा नोकरीच्या अटी वैमानिकाच्या तोट्याच्या केल्या, तर मुदतीआधी सोडण्याची विनंती तो करू शकतो. नुसती विनंती! ती मान्य कोणी करायची आणि किती दिवसांत, हे त्यात नाही. आमच्या को-पायलटने ती विनंती तीन वेळा केली. कंपनीने करार मोडला की आमच्या हाती अर्ज उरतो, आणि आम्ही मोडला की परवान्यावर कारवाईची टांगती तलवार. अण्णा, आपण तालमीतले आहात. एकाचे हात बांधून लावलेल्या कुस्तीला आपण कुस्ती म्हणणार नाही.

आता सरकारने मनावर घेतलं की काय होतं ते सांगतो. 3 मे 2023 पासून गो फर्स्ट या कंपनीची विमानं उडायची थांबली आणि 10 मे रोजी दिवाळखोरीचा अर्ज दाखल करून घेतला गेला. मोरेटोरियममुळे विमानांच्या परदेशी मालकांना आपली विमानं परत नेता येईनात. त्यांनी आरडाओरडा केला, भारताची पत घसरेल असा इशारा दिला. बरोबर पाच महिन्यांनी, 3 ऑक्टोबर 2023 रोजी, कंपनी व्यवहार मंत्रालयाची अधिसूचना निघाली की भाड्याच्या विमानांना हा मोरेटोरियम लागू नाही. 26 एप्रिल 2024 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने मालकांना विमानं नेता यावीत म्हणून 54 विमानांची नोंदणी रद्द करायला सांगितलं, तेही पाच कामकाजाच्या दिवसांत. आणि एप्रिल 2025 मध्ये संसदेने विमानांच्या मालकांच्या हक्कांसाठी स्वतंत्र कायदाच केला. ते विधेयक आपल्याच मंत्रालयाचं होतं.

हा कायदा वाईट आहे असं मी म्हणत नाही. विमानं स्वस्तात भाड्याने मिळाली तर कंपन्या टिकतील आणि आमच्या नोकऱ्याही. पण तो विमानांच्या मालकांच्या हक्कांविषयीच्या ज्या आंतरराष्ट्रीय केपटाऊन करारासाठी केला, त्यात सामील होताना 2008 साली भारताने आणखीही एक गोष्ट लिहून दिलेली आहे. विमानाचं कर्ज किंवा भाडं थकल्याचं जाहीर झाल्यानंतर कर्मचाऱ्यांचा जो पगार थकेल, त्याचा हक्क विमानाच्या मालकाच्याही आधी. ते वाचलं तेव्हा मी ते पान बाजूला काढून ठेवलं. 2008 पासून ते वाक्य कागदावर आहे. मालकाच्या हक्काची वाट पक्की बांधून झाली. आमच्या हक्कासाठी अर्ज कुठे करायचा, विमान देशाबाहेर जाण्याआधी थकीत पगाराची नोंद कोण तपासणार, हे विमानतळावर किंवा डीजीसीएत मला कोणी सांगू शकलं नाही.

जेट एअरवेजची गोष्ट तर मुंबईत घरोघरी माहीत आहे. त्या वैमानिकांना जानेवारी 2019 पासून पगार नव्हता. त्यांच्या संघटनेने, नॅशनल एव्हिएटर्स गिल्डने, 1 एप्रिलपासून विमानं न उडवण्याचं ठरवलं होतं. ते आधी 15 एप्रिलपर्यंत पुढे ढकललं आणि मग पुन्हा ढकललं, कारण कंपनी वाचावी असं त्यांनाच सगळ्यात जास्त वाटत होतं. 17 एप्रिलच्या रात्री अमृतसरहून मुंबईला येणारं विमान शेवटचं ठरलं. 20 जूनला प्रकरण न्यायाधिकरणात दाखल झालं. पुढे ऑक्टोबर 2022 मध्ये अपील न्यायाधिकरणाने सांगितलं की कर्मचाऱ्यांचा भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी पूर्ण द्या. 30 जानेवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याविरुद्धचं अपील फेटाळलं. म्हणजे निकाल कर्मचाऱ्यांच्या बाजूचा, तोही शेवटच्या पायरीवरून. तरी पैसे थकलेलेच राहिले, आणि 7 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाला कंपनी अवसायनात काढावी लागली, म्हणजे मालमत्ता विकून बंद करावी लागली. साडेपाच वर्षं. माझा एक बॅचमेट त्या कंपनीत होता. त्या साडेपाच वर्षांत त्याच्या मुलीची शाळा तीनदा बदलली.

वैमानिकाचं आणखी एक आहे, जे बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. बँकेतला माणूस वर्षभर घरी बसला तरी त्याची पदवी जात नाही. आमचं लायसन्स जिवंत ठेवायला ठरल्या मुदतीत मेडिकल लागतं, सिम्युलेटरवर तपासणी लागते, अलीकडच्या उड्डाणांचा अनुभव लागतो. कंपनी बंद पडली की हा सगळा खर्च स्वतःच्या खिशातून. एबीजी शिपयार्डच्या प्रकरणात 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दिवाळखोरीच्या काळात कंपनी चालू ठेवली गेली असेल आणि ज्यांनी प्रत्यक्ष काम केलं असेल, त्यांचाच त्या काळातला पगार प्रक्रियेच्या, म्हणजे सगळ्यात आधी फेडायच्या, खर्चात धरायचा. गोदीतल्या कामगाराचं काम दिसतं तरी. कंपनी पुन्हा उडेल म्हणून ज्याला नोटिशीत अडकवून ठेवलंय, ज्याने पदरमोड करून सिम्युलेटर केला, त्या वैमानिकाने काम केलं की नाही केलं? आम्ही हा प्रश्न लेखी विचारला. उत्तर आलेलं नाही.

अमेरिकेत हा वाद जुना आहे. 1983 मध्ये कॉन्टिनेंटल एअरलाइन्सने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि युनियनशी केलेले करार एका फटक्यात गुंडाळले. पुढच्याच वर्षी तिथल्या काँग्रेसने दिवाळखोरी कायद्यात कलम 1113 घातलं. कंपनीने आधी युनियनपुढे प्रस्ताव ठेवायचा, हिशेब दाखवायचे, बोलणी करायची, आणि जमलं नाही तरच न्यायाधीशाकडे करार रद्द करण्याची परवानगी मागायची. 2012 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने ती मागितली तेव्हा ऑगस्टमध्ये न्यायाधीशांनी नाही म्हटलं, कारण दोन मागण्या गरजेपेक्षा जास्त होत्या. कंपनीने त्या सुधारल्या, सप्टेंबरमध्ये परवानगी मिळाली, आणि डिसेंबरमध्ये वैमानिकांनी नवा करार मंजूर केला. वैमानिक जिंकले असं नाही, त्यांनी बरंच गमावलं. पण त्यांच्या कराराचा अर्थ काय, तो कुठे बदलायचा आणि का, हे एका न्यायाधीशासमोर बोललं गेलं. आमच्याकडे तो अर्थ हिशेबनीसाने ठरवला.

संहितेत असं कलम घालणं आपल्या एकट्याच्या हातात नाही, हे मला कळतं. ते खातं वेगळं, मंत्री वेगळे. त्यासाठी आपण शब्द टाकावा एवढंच मागतो. पण 2017 चा नियम आपल्या खात्याचा आहे आणि तो बदलायला संसद लागत नाही. पगार एक महिन्याहून जास्त थकला, किंवा कंपनी दिवाळखोरीत दाखल झाली, की नोटिशीचं बंधन त्या दिवशी आपोआप संपावं. 'विनंती' हा शब्द जावा. ना हरकत पत्र सात दिवसांत आलं नाही तर डीजीसीएने स्वतः द्यावं. आणि विमानाची नोंदणी रद्द करायचा अर्ज येईल तेव्हा त्याला थकीत पगाराचा दाखला जोडणं सक्तीचं व्हावं, म्हणजे 2008 साली आपणच लिहून दिलेल्या वाक्याला निदान एक खिडकी मिळेल. डीजीसीए कंपन्यांच्या विमानांची तपासणी करते, वैमानिकांच्या ड्युटीचे तास मोजते. तीन महिने पगार न मिळालेला माणूस सत्तर प्रवासी घेऊन पावसाळ्यात उतरतोय, हीसुद्धा सुरक्षेचीच बाब आहे. तेव्हा आम्ही उडत होतो. सकाळी साडेपाचच्या ब्रीफिंगला बसायचो आणि बँकेच्या हप्त्याचा मेसेज येऊन गेलेला असायचा. त्या अवस्थेत एकानेही उड्डाण नाकारलं नाही, याचा मला अभिमान वाटतो आणि भीतीही.

आमच्या युनियनने मागच्या वर्षभरात आपल्या मंत्रालयाला तीन पत्रं पाठवली आहेत. तिन्हींच्या पोचपावत्या, कराराची प्रत, नामंजूर दाव्यांचा तक्ता आणि त्या को-पायलटचे तीन विनंती अर्ज, त्याच्या परवानगीने, मी एका फायलीत लावून ठेवले आहेत. आपण शनिवार-रविवारी पुण्यात लोकांना भेटता. वीस मिनिटं द्या. मी फाइल घेऊन येतो आणि त्यालाही बरोबर आणतो. परवा त्याचा फोन आला होता. नव्या बॅचची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे, त्याआधी मेडिकलची मुदत संपतेय आणि तिचे पैसे वडिलांकडे मागायला त्याची जीभ रेटत नाही.

आपला,
एक एटीआर कमांडर
कोथरूड, पुणे