चवथीआधी घरचं खत: रविवारी प्रात्यक्षिक

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी सकाळी १० वाजता, इमारतीच्या मागे पंपाच्या खोलीजवळ, घरच्या घरी खत कसं करायचं ते दाखवणार आहोत. तासाभरात आटपेल. प्रत्येक घरातून एकाने तरी यायचंच.

येताना आणा:
- झाकणाची जुनी बादली, तळाला व बाजूंना भोकं पाडून
- दोन दिवसांची भाजीची सालं, देठं
- पोतंभर सुका पाला

पाला आत्ताच, उघडीप मिळेल तेव्हा गोळा करा. पावसात सगळं बिघडतं ते पाल्यावाचूनच. ओला कचरा एक वाटी तर सुका दोन वाट्या. हे चुकलं की बादलीला वास सुटतो. गेल्या पावसात माझ्या बाल्कनीत हेच झालं, शेजारच्या वहिनींनी आठवडाभर खिडकी उघडली नाही! पाला नसेल तर नारळाच्या सोडणाचा भुसा चालतो. आठवड्यातून एकदा ढवळायचं, दोन-तीन महिन्यांत खत तयार.

मासळीची डोकी, खवलं बादलीत नकोत. मांजरं पाठ सोडत नाहीत.

चवथीनंतर माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर टांगतो त्या चौकटीची फळं, पत्री, फुलंही यातच जातील. दोरी, तार, थर्माकोल आधी काढा.

येणं जमत नसेल तर शनिवारपर्यंत सचिवांना कळवा.