कुपोषित बाळाच्या थायरॉइड रिपोर्टवरील शेऱ्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: कुपोषित बालकाच्या रिपोर्टवर छापलेला 'हायपोथायरॉइडिझम' (थायरॉइड ग्रंथीचं काम कमी पडणं) हा शेरा

महोदय,

मी बालरोगतज्ज्ञ आहे. माझ्या लहान रुग्णांच्या रक्ताच्या तपासण्या आपल्याच लॅबमध्ये होतात. अलीकडे तीव्र कुपोषण असलेल्या, दोन्ही पायांवर सूज असलेल्या दीड वर्षाच्या एका बाळाचा रिपोर्ट आला. टी३ आणि टी४ (म्हणजे थायरॉक्सिन) हे थायरॉइडचे दोन्ही हार्मोन कमी, लाल अक्षरांत. थायरॉइडला काम करायला लावणारा टीएसएच हा हार्मोन २.८, म्हणजे व्यवस्थित. आणि खाली ठळक टाइपात: 'हायपोथायरॉइडिझमची शक्यता, उपचार सुरू करावेत.'

हा रिपोर्ट माझ्याआधी आईच्या मोबाइलवर पोचला. तो पाहून कोणीतरी थायरॉक्सिनच्या गोळ्या लिहूनही दिल्या होत्या. त्या बाळाच्या पोटात गेल्या नाहीत, एवढंच.

आकड्यांबद्दल माझी तक्रार नाही, ते बरोबरच असतील. तक्रार त्यांच्याखालच्या ओळीबद्दल आहे. त्याच सॅम्पलमधलं अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन तुम्हीच २.१ ग्रॅम, म्हणजे बरंच कमी, दाखवलंय, पण वेगळ्या पानावर, जणू दुसऱ्याच मुलाचं.

रक्तातलं ९९ टक्क्यांहून जास्त टी४ प्रथिनांना बांधलेलं असतं: बहुतांश थायरॉक्सिन बाइंडिंग ग्लोब्युलिनला, उरलेलं ट्रान्सथायरेटिन आणि अल्ब्युमिनला. ही तिन्ही प्रथिनं यकृतात तयार होतात. खाण्यातून प्रथिनं आणि ऊर्जा मिळेनाशी झाली की यकृताचं हे काम मंदावतं. ट्रान्सथायरेटिनचं अर्धायुष्य जेमतेम दोन दिवसांचं, म्हणून ते आधी घसरतं. अल्ब्युमिनचं सुमारे वीस दिवसांचं, ते मागून. वाहून नेणारी प्रथिनंच कमी, तर एकूण टी४ कमी दिसणारच. पेशींपर्यंत पोचतो तो मुक्त, म्हणजे प्रथिनांना न बांधलेला हार्मोन, आणि तो तुम्ही मोजलेलाच नाही.

टी३चं कारण आणखी वेगळं. बराचसा टी३ थायरॉइडमध्ये नव्हे, तर यकृतासारख्या अवयवांत टी४पासून बनतो. उपासमारीत शरीर हे रूपांतर कमी करतं आणि निष्क्रिय रिव्हर्स टी३ वाढतो, म्हणजे असलेली ऊर्जा जपून वापरली जाते. अशा मुलाला बाहेरून हार्मोन दिला तर चयापचय वाढतो आणि आधीच झिजलेले स्नायू आणखी झिजतात. त्याला खरी गरज आहाराची आणि संसर्गावरच्या उपचाराची आहे.

टीएसएच बनवणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीचा दोष असेल तर टीएसएच नॉर्मल राहूनही टी४ कमी येऊ शकतो, हे मला माहीत आहे. पण ते बाळाला तपासून ठरवायचं असतं, सॉफ्टवेअरने नव्हे.

आपल्या ग्राहक सेवेकडे विचारलं, तर 'शेरा आपोआप येतो, रेंज सगळ्यांना एकच' असं उत्तर मिळालं. हे तर मूळ तक्रारीहून गंभीर आहे. लहान मुलांचा टी३ मोठ्यांपेक्षा मुळातच जास्त असतो आणि टीएसएचची मर्यादाही वयानुसार बदलते. मोठ्यांच्या रेंजवर मोजलं तर खरोखर कमी असलेला टी३ एखाद्या बाळात नॉर्मल म्हणूनही सुटून जाईल.

म्हणून मागणी अशी, की या बाळाचा रिपोर्ट शेरा काढून पुन्हा द्यावा आणि आईला तसं लेखी कळवावं. पाच वर्षांखालील मुलांच्या थायरॉइड रिपोर्टवर उपचाराचा सल्ला छापणं आजपासून बंद करावं, वयानुसार रेंज द्याव्यात आणि अल्ब्युमिन मोजलं असेल तर ते त्याच पानावर दाखवावं. मुक्त टी४ कोणत्या पद्धतीने मोजता तेही कळवा. अल्ब्युमिन इतकं कमी असताना काही इम्युनोअसे (प्रतिपिंडं वापरून हार्मोन मोजण्याच्या पद्धती) चुकीचा आकडा देतात, आणि पोषण सुधारल्यावर मला हीच तपासणी पुन्हा करायची आहे.

उत्तर लेखी आणि आपल्या पॅथॉलॉजिस्टच्या सहीने यावं. तोवर कुपोषित मुलांची थायरॉइडची सॅम्पल्स मी आपल्याकडे पाठवणार नाही.

आपली,
एक बालरोगतज्ज्ञ

सोबत: दोन्ही पानांच्या प्रती, बाळाचं नाव झाकून