काकू, तुमची परात अजून माझ्याकडंच आहे

काकू, राम कृष्ण हरी.

तुम्हाला वाचता येत नाही, तरी लिहायलेय, नात वाचून दाखवील. फोनवर दरवेळी बोलायचं ठरवते आन् गुडघे कसेत, गोळ्या घेतल्या का यातच फोन संपतो. शिवाय हे चारचौघांत सांगायचं होतं मला, म्हणून इथं सगळ्यांसमोर.

मी गंगाखेडची, जनाबाईच्या गावची. आमच्याकडं दिवेलागणीला हरिपाठ झाल्याशिवाय कुणी ताटावर बसत नव्हतं. माऊलींचे 27 अभंग, पाठ असले की वीस-पंचवीस मिनिटांचं काम. 2014 ला लग्न होऊन औशाकडं आले आन् पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, या घरात असलं काही चालायचं नाही. मी मोरीत पाणी सोडून हळूच म्हणून बघितलं, तेही त्यांना कळलं. मग टीव्हीचा आवाज वाढायचा, नाहीतर नेमकं त्याच टायमाला भाकरीची आठवण व्हायची. हे म्हणायचे, जाऊ दे ना, मनात म्हण. मनातल्या मनात म्हणता म्हणता एक दिवस चुकला, मग दुसरा, आन् बघता बघता महिना गेला की एक अभंग ओठावर आला नाही.

तेव्हा तुम्ही हापशावर मला रडताना बघितलं. काही विचारलं नाही, कळशी उचलून दिली आन् दुसऱ्या दिवशी सांजच्याला स्वतःची परात घेऊन आमच्या चुलीपाशी येऊन बसलात. सासूबाईंना म्हणालात, "आक्का, माझ्या घरचा ग्यास संपलाय, भाकरी हितंच टाकते, तुमच्या बी टाकते." आन् माझ्याकडं बघून, "तू म्हण गं, मी थापते." ज्वारीचं पीठ मळताना तुमच्या बांगड्यांचा आवाज, तव्यावर पाणी फिरवल्याचा चर्र आवाज, त्यात माझा हरिपाठ. पहिल्या दिवशी पाचव्या अभंगाला माझा गळा दाटला तर तुम्ही भाकरी उलटताना पुढची ओळ उचललीत. काकू, ग्यास काही संपला नव्हता, मला माहितीये. तरी तुम्ही दीड महिना रोज आलात.

सासूबाईंचा राग मला तुमच्यामुळंच समजला. सासरे हयात असताना आषाढी-कार्तिकी, वर दिंड्या-सप्ते, आन् मागं शेत, जनावरं, चार लेकरं सगळं एकट्या बाईनं ओढलं. तुम्ही म्हणालात, "तिचं देवाशी वाकडं नाही माय, टाळ वाजला की तिला ते दिवस आठवतेत. तिचं काम अडू देऊ नको, आन् तुझा नेम मोडू नको." नाथषष्ठीला पैठणला जाऊन आलात की नाथांची तीच गोष्ट सांगायचात. गोदावरीवरून अंघोळ करून येताना तो माणूस अंगावर थुंकायचा आन् नाथ परत गंगेवर जायचे. "भांडले का त्याच्याशी? नाही. अंघोळ सोडली का? ती बी नाही." मी आधी भांडत तरी होते नाहीतर सोडून तरी देत होते, तिसरं काही असतं हे मला ठाऊकच नव्हतं.

2016 चा उन्हाळा आठवतो? लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली होती, आपल्या गल्लीत टँकरपाशी रोज भांडणं. सासूबाई म्हणाल्या, अंघोळीला पाणी नाही आन् बिनअंघोळीचं देवाचं नाव घ्यायलीस. मी खरंच थांबले होते. तुम्ही तांब्यातलं चूळभर पाणी माझ्या हातावर ओतलंत, "तोंड धू आन् बस. नावाला काय पाणी लागतंय?" त्या उन्हाळ्यात एक दिवस खाडा झाला नाही.

आता तुम्ही लेकाकडं संभाजीनगरला. इकडं मी भाकरी थापत थापतच म्हणते, हात आन् तोंड दोन्ही चालू, सैपाक वेळेवर. सासूबाई पाठाला बसत नाहीत आन् मी बस म्हणतही नाही. टीव्ही मात्र वाढवत नाहीत आता. माझ्यासाठी ते लै झालं.

तुम्ही नसता तर मी आज रोज सांजच्याला गप बसून भाकऱ्या केल्या असत्या आन् आतून वाळून गेले असते. तुमचे उपकार मी फेडू शकत नाही, फेडायचेही नाहीत.

परात तळाला चेपलीय ती तशीच आहे, रोज तिच्यातच पीठ मळते. दिवाळीला येईन तेव्हा घेऊन येऊ का? नको म्हणालात तर लै बरं वाटेल.

तुमची सून
(चुलत म्हणायचं नाही असं तुम्हीच सांगितलंय)