मामीची मान

वाई,
१२ नोव्हेंबर

प्रिय बंड्या,

स. न. वि. वि.

परवा फोनवर, गिअर बदलताना गचके बसतात म्हणून तू गाडीला शिव्या घालत होतास आणि मागून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, याच्या गाडीतून उतरलं की मान दुखते." तेव्हाच ठरवलं की तुला सविस्तर लिहायचं. फोनवर तू ऐकून घेत नाहीस, लगेच वाद घालतोस.

पहिलं सांगतो, अण्णांच्या गाडीत काही बिघाड नाही. न्यू जर्सीत अकरा वर्षं ऑटोमॅटिक, म्हणजे बिनक्लचची गाडी चालवलीस. तिथे डावा पाय नुसता बसून होता, त्याला आता अचानक नोकरी लागली आहे. वर सिग्नलऐवजी वायपर लावतोस, तो वेगळाच तमाशा. ती खोड महिन्याभरात जाईल. गचक्यांचं मात्र आपोआप जाणार नाही, कारण तुझं लक्ष हातावर आहे आणि गडबड पायात आहे.

आमचा मामा एसटीत ड्रायव्हर होता, तुला आठवत असेल. त्याच्या सुरुवातीच्या काळातल्या गाड्यांना डबल क्लच लागायचा. क्लच दाबायचा, गिअर न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा, इंजिनाचा आवाज उतरू द्यायचा, पुन्हा क्लच दाबून वरचा गिअर टाकायचा. खालचा घ्यायचा असला तर मध्ये न्यूट्रलमध्ये रेस द्यायची. चुकलं की गिअरबॉक्स अशी करकरायची की अख्खी बस ड्रायव्हरकडे बघायची. हे काम आता आतल्या पितळी कड्या करतात. त्या सोयीला सिंक्रोमेश म्हणतात आणि अमेरिकेत १९२८ साली कॅडिलॅकमध्ये ती पहिल्यांदा आली. म्हणजे तुझ्याच तिकडची.

पण या कड्या फक्त गिअरबॉक्समधल्या दात्यांचा वेग जुळवतात, म्हणून गिअर लोण्यासारखा पडतो. इंजिनाचा आणि चाकांचा वेग जुळवणं त्यांच्या हातात नाही, ते क्लचवरच्या पायाचं काम. गिअर गुपचूप पडला म्हणजे जमलं असं समजून तू क्लच फटकन सोडतोस आणि वहिनींच्या मानेला हिसका बसतो.

आता जरा हिशेब बघ, तुला आकडे आवडतात. लहान पेट्रोल गाड्यांत पहिल्या गिअरचं गुणोत्तर, म्हणजे गिअरबॉक्समधून बाहेर एक फेरा जायला इंजिनाचे किती फेरे लागतात ते, साडेतीनच्या आसपास असतं, दुसऱ्याचं दोनच्या जरा आत. पहिल्यात इंजिन मिनिटाला २५०० फेरे मारत असताना तू दुसरा टाकलास, तर त्याच वेगाला इंजिनाने साधारण १३५० वर यायला हवं. जवळजवळ निम्मं! दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना २५०० चे १७०० च्या आसपास होतात, आणि चौथ्यातून पाचव्यात उतार त्याहून किरकोळ. म्हणून सगळ्यात मोठा गचका पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये बसतो आणि तुझी तक्रारही तिथलीच आहे. रेस सोडल्यावर इंजिन खाली यायला क्षणभर लागतो, तो क्षण त्याला दे. न्यूट्रलवरून जाताना हात किंचित रेंगाळू दे, मग दुसरा टाक. क्लच पकडतो तिथपर्यंत पाय भरकन वर आण, तिथे हळू हो, गाडीने धरलं की उरलेला सोड आणि बरोबरच रेस दे. तू नेमकं उलटं करतोस. सुरुवातीला चाचपडतोस आणि पकडायच्या जागी घाई करतोस.

ती जागा कुठे आहे हे पायाला कळायला हवं. एखाद्या सकाळी मोकळ्या सपाट मैदानावर जा. पहिला गिअर टाक, रेसला पाय लावूच नकोस, आणि क्लच मुंगीच्या पावलाने सोड. इंजिनाचा आवाज जड होतो, नाक जरासं उचलल्यासारखं वाटतं आणि गाडी सरकते. क्लच दाबून थांब, पुन्हा कर. वीसेक वेळा केलंस की पुरे. सपाट तळव्याची चप्पल किंवा बूट घाल, त्या जाड फोमच्या बुटांत काही कळत नाही.

हाताचं थोडक्यात. दांडा मुठीत आवळू नकोस. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना नुसता पुढे ढकलून सैल सोड, आतली स्प्रिंग त्याला तिसऱ्या-चौथ्याच्या मधल्या रांगेत आपणहून आणते. तू जोर लावून वळवायला जातोस म्हणून कधी कधी पुन्हा पहिल्याच्या तोंडाशी जातोस. गिअर पडला की हात स्टिअरिंगवर, दांड्यावर ठेवून बसायचं नाही. तसंच क्लचवर पाय ठेवून बसायचं नाही, प्लेट झिजते. कात्रजच्या चढाला रांगेत अर्ध्या क्लचवर गाडी तोलत उभी करणं ही तर शुद्ध उधळपट्टी. हँडब्रेक कशाला दिलाय?

खाली येताना, म्हणजे गतिरोधक दिसला आणि तिसऱ्याचा दुसरा करायचा आहे, तेव्हा आधी ब्रेकने वेग उतरव. खालच्या गिअरात इंजिनाला जास्त फिरावं लागतं, म्हणून क्लच दाबलेला असतानाच रेसला हलकी टिचकी मार आणि मग क्लच सोड. सुरुवातीला टिचकीची थप्पड होईल, लोक वळून बघतील. बघू देत. टिचकी जमत नाही तोवर क्लच सावकाश सोडलास तरी चालेल.

घाटात मामाचा एकच नियम होता, ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर. न्यूट्रलवर उतरलास तर सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापून ऐन वेळी ढिले पडतात. पेट्रोल वाचतं हीही समजूत खोटी. गिअरात असताना रेस सोडली की हल्लीच्या गाड्या इंधन तोडतात, न्यूट्रलला मात्र इंजिन चालू राहायला ते लागतंच.

मामाची परीक्षा सांगायची राहिली. नोकरीतून सुटल्यावर त्याने जुनी गाडी घेतली होती आणि मामी शिरवळ यायच्या आत शेजारच्या सीटवर झोपायची. मी चालवायला बसलो की मामा मागून रस्त्याकडे बघायचाच नाही, तिच्या मानेकडे बघायचा. गिअर बदलताना मान डुलली की मागून "हं" एवढंच यायचं. पुण्यापासून वाईपर्यंत मी पहिल्यांदा किती "हं" खाल्ले ते विचारू नकोस.

तर पुढच्या रविवारी वहिनींना घेऊन इकडे ये. खंबाटकी चढून सुरूर फाट्याला वळायचं, रस्ता तुला पाठ आहे. परतताना बोगद्याकडून जाशील, त्या उतारावरच्या वळणाला गाडी आधीच आवाक्यात आण. दारात पोचलास की कशी चालवलीस हे तुला विचारणार नाही. वहिनी झोपल्या होत्या का, एवढंच त्यांना विचारीन.

अण्णांना नमस्कार, पिल्लांना पापा.

तुझा,
दिग्या