मंत्रीसाहेब, अनुदान डब्याला नको, तारेच्या शेवटच्या टोकाला द्या

मा. पशुसंवर्धन मंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

साहेब, झटका मशीनची, म्हणजे कुंपणाच्या तारेत विजेचे ठोके सोडणाऱ्या डब्याची, योजना निघाली की वाटपाचा कार्यक्रम होतो, डबा हातात देताना फोटो निघतो आणि कागदावर कुंपण पूर्ण झालेलं असतं. खरं काम तर तिथून पुढे सुरू होतं. मशीन हा यातला सोपा भाग आहे, दोन वायरी जोडल्या की टिक टिक चालू होतं आणि माणसाला वाटतं झालं आपलं कुंपण. पण तारेला नाक लावलेल्या गाईला झटका बसणार की नाही हे ठरतं जमिनीत ठोकलेल्या रॉडवर, गेटखालून नेलेल्या केबलवर आणि तारेखालचं गवत कोण कापतंय यावर, आणि योजनेच्या अंदाजपत्रकात बघावं तर यातल्या कशालाही छदाम नाही.

म्हणून मागणी आधीच सांगतो, बाकीचं पत्र नाही वाचलंत तरी चालेल. अनुदान मशीनच्या बिलावर देऊ नका. कुंपणाच्या सगळ्यात लांबच्या टोकाला व्होल्टमीटर लावा आणि जे रीडिंग येईल त्यावर द्या. गाईम्हशींच्या कुंपणाला तिथे किमान 3,000 व्होल्ट, शेळ्यामेंढ्यांच्या कुंपणाला 4,000 च्या वर. बिल कुणीही आणतं, ते रीडिंग आणायला कुंपण नीट बांधावंच लागतं.

आता तुमच्याकडे लगेच कुणीतरी म्हणेल की हजारो व्होल्ट म्हणजे माणूस मरेल. तर ते नीट समजून घ्या, कारण याच गैरसमजातून उलटं काम होतं. चांगलं मशीन तारेत सतत करंट सोडत नाही, साधारण सेकंदाला एक ठोका देतं आणि तो ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ टिकतो. व्होल्टेज जास्त पण ऊर्जा मोजकी, आणि मध्ये जवळजवळ अख्खा सेकंद मोकळा, त्यामुळे जनावर काय माणूस काय, दचकून मागे सरायला वेळ मिळतो. आयईसी 60335-2-76 नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात एका ठोक्याची ऊर्जा 500 ओहमच्या भारावर जास्तीत जास्त 5 जूल अशी मर्यादा घातलीय. घरातल्या लाईनीचा करंट मात्र थांबतच नाही, हाताचे स्नायू आवळले जातात, तार सुटत नाही आणि माणूस तिथेच चिकटतो. ती लाईन 230 व्होल्टचीच असते तरी जीव घेते.

आणि साहेब, लाईनीचा करंट तारेत सोडणारा प्रत्येक जण काही मुळात गुन्हेगार नसतो. मशीन आणलेलं असतं, अर्थिंग भिकार असतं, जनावरं तार वाकवून खुशाल बाहेर पडतात, पलीकडच्याचं पीक खातात, भांडणं होतात, मग वैतागून तो कुठूनतरी सरळ लाईन ओढतो. त्याला माफ करा असं मी म्हणत नाही, शिक्षा व्हायलाच हवी, त्यात माणसं मरतात, गुरं मरतात, जंगली जनावरं मरतात. पण न चालणारे डबे वाटणारी योजना लोकांना त्याच वाटेला ढकलते, हेही तुमच्या खात्यात कुणीतरी मान्य केलं पाहिजे.

अर्थिंगचं बघा. झटका म्हणजे पूर्ण फेरी आहे, मशीनमधून तारेत, तारेतून जनावरात, खुरातून जमिनीत आणि जमिनीतून अर्थ रॉडवाटे परत मशीनमध्ये. फेरी कुठेही तुटली की झटका नाही, तारेत 8,000 व्होल्ट असले तरी नाही. आणि योजनेच्या खोक्यात काय येतं, तर हातभर लांबीची एक सळई, ती पण पॉलिश केल्यासारखी. निदान 3 गॅल्व्हनाइज्ड रॉड हवेत, प्रत्येक 2 मीटरच्या आसपास, एकमेकांपासून 3 मीटर लांब, ओल टिकते अशा जागी, आणि घराच्या किंवा ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगपासून निदान 10 मीटर दूर. मशीन मोठं असेल तर रॉड अजून वाढवायचे. रॉड जस्ताचा मुलामा असलेला आणि त्याला जोडलेली वायर तांब्याची, असं करायचं नाही, ओलीत दोन धातू एकमेकांना खातात आणि सांधा वर्षभरात पांढरा पडतो. जमीन कोरडी खडखडीत असेल तिथे नुसत्या मातीवर भरवसा ठेवून चालत नाही, एक तार करंटची आणि तिच्या शेजारी एक तार अर्थची अशी जोडी ओढतात, म्हणजे जनावर दोन्हीला एकदम लागलं की फेरी तिथल्या तिथेच पूर्ण होते.

अर्थिंग पुरेसं आहे का हे तपासायला इंजिनिअर लागत नाही. मशीन बंद करायचं, 100 मीटर लांब जाऊन दोन चार लोखंडी सळया जमिनीत रोवून तारेला टेकवायच्या, मशीन चालू करून तारेचं व्होल्टेज 2,000 च्या खाली आलंय बघायचं, आणि मग शेवटच्या अर्थ रॉडला मीटर लावायचा, मीटरची दुसरी पिन तिथून मीटरभर लांब मातीत. तिथे 300 च्या वर दाखवलं तर रॉड कमी पडतायत, अजून ठोका. पाऊण तासाचं काम. आता एवढं तुमच्या किती तालुका कार्यालयांना येतं ते एकदा विचारून बघा, मी उत्तर सांगत नाही.

आता गेट. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण कुंपण ठीक असलं तरी गेट रडतं हे कायमचं आहे, आणि एकाही सरकारी नकाशात गेटचं डिटेल मी बघितलेलं नाही, चौकोन काढतात आणि एका बाजूला फट ठेवतात बस. पहिली गोष्ट म्हणजे करंट गेटच्या पलीकडे गेटच्या तारेतून न्यायचा नाही. नेला की ज्याने गेट उघडलं त्याने पुढचं सगळं कुंपण मारलं, आणि गुरं आत बाहेर करताना गेट बराच वेळ उघडंच असतं. करंट जायला पाहिजे गेटखालून, जमिनीतून, पाईपमध्ये. त्यासाठी केबल झटका कुंपणाचीच घ्यायची, दुहेरी इन्सुलेशनची, घरातली वायरिंगची वायर चालत नाही, तिचं प्लास्टिक इतक्या व्होल्टेजसाठी केलेलंच नसतं, चार महिने बरी वाटते आणि मग मातीतल्या मातीत गळायला लागते. वरून काही दिसत नाही, फक्त व्होल्टेज पडतं आणि माणूस सगळं रान हिंडून गवत कापत बसतो. पाईप फूटभर तरी खोल, ट्रॅक्टर जात असेल तर अजून खोल, आणि दोन्ही टोकं वर काढून खाली वाकवलेली, नाहीतर पाण्याने भरून बसतो.

दुसरं हँडलचं. तारेच्या गेटला स्प्रिंगचं हँडल लावतात ते कित्येक ठिकाणी उलटं लावलेलं असतं, म्हणजे गेट काढून जमिनीवर टाकलं तरी तारेत करंट तसाच, आणि ओल्या गवतात पडलेली ती तार ओलांडताना कुणाचातरी पाय लागतोच. बरोबर पद्धत अशी की हँडल ज्या हुकात अडकतं तो हूक करंटचा, आणि गेटच्या तारेचं दुसरं टोक नुसत्या इन्सुलेटरवर. अडकवलं की चालू, काढलं की मेलं. इतकं साधं आहे, पण मशीनसोबत येणाऱ्या कागदावर छापलेलं नसतं, आणि छापलेलं असलं तरी मराठीत नसतं.

लोखंडी किंवा लाकडी फाटक असेल तर फाटकात करंट सोडायचाच नाही, खालून केबल नेली की झालं. फाटक ज्या खांबावर टांगलंय त्याच खांबावर तारांचा ताण देऊ नये, खांब हळूहळू कलतो, फाटक जमिनीला घासायला लागतं, मग ते उचलून उघडावं लागतं आणि शेवटी कुणी लावतच नाही, नुसतं टेकवून ठेवतात. जागा पण महत्त्वाची, गुरं हाकलली की आपोआप कोपऱ्याकडे सरकतात, म्हणून गेट कोपऱ्याजवळ असलं की एकट्या माणसालाही कळप बाहेर काढता येतो, कुंपणाच्या बाजूच्या मध्यावर ठेवलं की तीन माणसं आरडाओरडा करत पळतात. खोलगट जागी नको, चिखल होतो. पाण्याच्या हौदाला खेटून तर अजिबात नको. आणि गेटजवळ एक कटआउट स्विच, म्हणजे पुढच्या तारेचा करंट तोडणारा खटका, टाका, एवढासा असतो, पण बिघाड अलीकडे आहे की पलीकडे हे एका मिनिटात कळतं.

तारेचं थोडक्यात सांगतो. कायमच्या कुंपणाला अडीच मिलिमीटरची हाय टेन्साईल गॅल्व्हनाइज्ड तार, आणि सांधे क्लॅम्पने आवळलेले, नुसते पीळ मारलेले सांधे गंजतात आणि ठिणग्या टाकतात. क्लच वायर किंवा पॉलीवायर (प्लास्टिकच्या दोरीत विणलेली तार) बारीक असते, तात्पुरती पट्टी अडवायला मस्त, पण लांबच लांब हद्दीला तिचा रोध इतका होतो की शेवटपर्यंत काही पोचत नाही. काटेरी तारेत करंट सोडायला मानकातच मनाई आहे, अडकलेलं जनावर सुटत नाही आणि झटके खात राहतं, तरीही योजनेतल्या जुन्या काटेरी कुंपणालाच मशीन जोडून फोटो काढलेले मी पाहिलेत. मोठ्या गाईंना नाकाच्या उंचीवर एक तार पुरते, वासरं असली की दोन, शेळ्यामेंढ्यांना चार पाच, कारण शेळी खालून घुसते आणि मेंढीची लोकर करंट अडवते. खालची तार अगदी जमिनीलगत करंटची करू नका, दक्षिण आफ्रिकेत अशा तारांवर कासवं आणि खवल्या मांजरं मेल्याची नोंद आहे, ती पळत नाहीत, अंग मिटून तिथेच बसतात आणि झटके चालूच राहतात.

अजून एक, जे योजनेत कधीच नसतं, ते म्हणजे जनावरांना शिकवणं. झटका कुंपण गुरांना ताकदीने अडवत नाही, अडवते ती भीती. नवखी कालवड पहिला झटका बसला की मागे जाईलच असं नाही, पुढे उधळून तार तोडूनही जाते. म्हणून आधी भक्कम कुंपणाच्या आतल्या बाजूला करंटची तार लावून एक दोन दिवस तिथेच ठेवायचं, नाक लागतं, कळतं, मग रानात. हे न करता कळप सोडला की पहिल्याच दिवशी कुंपण आडवं आणि मालक म्हणतो मशीन बोगस.

मशीन बोगस असतंही म्हणा. खोक्यावर लिहिलेले किलोमीटर एका स्वच्छ तारेचे असतात, खाली गवताची काडी नाही असं धरून, आणि जूल लिहितात ते पण साठवलेले, तारेत प्रत्यक्ष सोडलेले नव्हे, दोन्हीत चांगलाच फरक असतो. 1962 साली न्यूझीलंडमध्ये डग फिलिप्स यांनी गवत लागलं तरी सहज न दबणारं मशीन शोधलं म्हणून काही शे मीटरचं कुंपण कित्येक किलोमीटरवर गेलं. आज टेंडरमध्ये स्वस्तात स्वस्त मशीन घेताना आपण पुन्हा त्याच्या आधीच्या काळात जातोय. टेंडरमध्ये सोडलेले जूल लिहा आणि मानकाचं प्रमाणपत्र मागा, निम्मे पुरवठादार तिथेच गळतील.

देखभालीचं तर नावच नको. रोज एक चक्कर आणि एक रीडिंग, एवढंच असतं खरं तर. काल 6,000 होतं आज 4,000 आहे म्हणजे कुठेतरी काहीतरी लागलंय, गवत, पडलेली फांदी, तडकलेला इन्सुलेटर, लोखंडी खांबाला टेकलेली तार. रात्री शांत असलं की टक टक आवाज येतो, अंधारात ठिणगी दिसते, सकाळी तिथे जायचं. पण रीडिंग घ्यायला मीटर हवा, आणि किटमध्ये मीटर नसतो म्हणून लोक गवताची काडी लावून बघतात. बॅटरीचं तसंच, गाडीची जुनी बॅटरी लावतात, ती एकदम जोर लावून इंजिन सुरू करायला बनलेली, रोज हळूहळू उतरायला नाही, लवकर बसते. सोलर पॅनेलवर धूळ, ढगाळ आठवडा, आणि मशीन गप्प. वीज पडण्याच्या दिवसांत लाइटनिंग अरेस्टर नसेल तर मशीन गेलंच समजा, दुरुस्तीला पाठवलं की परत कधी येईल ते देवाला माहीत, तोवर गुरांना कळलेलं असतं की तार मेलीय.

तर साहेब, किटमध्ये मशीनच्या बरोबरीने 3 रॉड, गेटची केबल, 2 हँडल, कटआउट, अरेस्टर, पिवळ्या धोक्याच्या पाट्या आणि एक व्होल्टमीटर टाका, मशीन एक नंबर लहान झालं तरी हरकत नाही. पैसे दोन हप्त्यांत द्या. पहिला कुंपण उभं राहिल्यावर लांबच्या टोकाचं रीडिंग घेऊन, आणि दुसरा गवत सगळ्यात जोरात वाढलेलं असेल त्या महिन्यात, न कळवता येऊन. येणाऱ्या माणसाला मीटर वापरता येत असावा, गेट उघडून पलीकडचं रीडिंग पण त्याने घ्यावं, आणि दोन्ही आकडे फॉर्मवर मालकाच्या सहीसह लिहावेत. सध्याच्या फॉर्मवर मशीनचा सिरियल नंबर लिहायला रकाना आहे, व्होल्टेजला नाही. तो रकाना वाढवायला मंत्रिमंडळाची बैठक लागू नये.

कळावे,
एक पशुपालक